घर पडण्याची वाट का पाहायची?

बेळगावात शहापूर, वडगाव, रविवार पेठ, अनंतशयन गल्ली अशा जुन्या वस्त्यांतून मृगाच्या तोंडावर फिरले की काही घरांच्या छपरांवर निळी ताडपत्री पसरलेली दिसते. शाकारणी, म्हणजे कौलारू छपराची पावसाळ्याआधीची डागडुजी, करणारा माणूस मिळाला नाही, किंवा मिळाला तरी कौले उतरवून, कुजलेल्या रिपा बदलून पुन्हा बसवण्याएवढे पैसे जमले नाहीत, म्हणून यंदाचा पावसाळा ताडपत्रीवर काढायचा, असा तिचा अर्थ असतो. दुसऱ्या वर्षी ताडपत्री फाटते आणि वाशांना पाणी लागते. वाशांनंतर आढे भिजते आणि आढ्यानंतर भिंतीचा माथा. मातीत बांधलेल्या भिंतीच्या माथ्यातून एकदा पाणी उतरू लागले की ती भिंत किती वर्षे उभी राहील, याचा हिशोब कोणत्याही जुन्या गवंड्याला तोंडपाठ असतो. त्या हिशोबात घर पडण्याआधीची चार-पाच वर्षे फार मोलाची असतात, कारण तेवढ्या काळात थोड्या खर्चात ते वाचू शकते. नेमक्या याच काळात घरमालकाच्या किंवा ते घर विकत घेऊ पाहणाऱ्याच्या मदतीला शासन, बँक आणि नगरपालिका यांपैकी कोणीही येत नाही, ही माझी तक्रार आहे आणि या लेखाचा विषयही तोच आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय, दूधगंगा आणि वेदगंगा या सगळ्याच नद्यांनी पात्र सोडले आणि जिल्ह्यात हजारो घरे पडली. पूर्ण पडलेल्या घरासाठी राज्य शासनाने ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली. ती मदत योग्यच होती आणि ज्यांना ती उशिरा मिळाली त्यांचे हाल आपण पाहिले आहेत. परंतु त्याच घराच्या मालकाने पुराच्या दोन वर्षे आधी, भिंतीला तडा दिसतो आहे, जोते खचते आहे, लाखभर रुपये मिळाले तर ते सावरता येईल, असा अर्ज केला असता, तर तो द्यायचा कोणत्या टेबलावर, हेही त्याला कोणी सांगू शकले नसते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसात घर कोसळून सात जणांचा जीव गेला. त्यानंतरही मदत जाहीर झाली. घर पडल्यावर लाखो रुपये देता येतात, माणसे गेल्यावरही मदत देता येते, परंतु उभे घर सावरायला पैसे देता येत नाहीत, ही व्यवस्था केवळ गैरसोयीची आहे असे मला वाटत नाही. ती अन्यायाची आहे.

मी हे दुरून लिहीत नाही. सहा वर्षांपूर्वी आम्ही शहापुरात एक घर विकत घेतले. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे न्हाणी आणि परसात आड, अशी त्याची जुनी रचना होती. पूर्वी सोप्याच्या एका बाजूला हातमागाचा खड्डा होता आणि तो बुजवल्याची खूण फरशीत अजूनही दिसते. भिंती दोन फूट जाडीच्या, चिऱ्याच्या, मातीत बांधलेल्या आणि वरून चुन्याचा गिलावा केलेल्या. दोन तुळया वाळवीने आतून पोखरलेल्या होत्या, मागची भिंत परसाकडे कलली होती आणि गल्लीतला रस्ता एकावर एक थर चढत इतका वर आला होता की पाणी उंबऱ्यावरून आत यायचे. सगळ्यांनी एकच सल्ला दिला, की पाडा आणि नवीन बांधा. तो सल्ला चुकीचा का होता, हे मला पुढे हळूहळू समजले. परंतु तो व्यवहाराचा का वाटतो, हे मात्र पहिल्याच महिन्यात समजले.

पहिली अडचण घराच्या बांधणीची नव्हती, कागदांची होती. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, तर बेळगाव मुंबई इलाख्यात. १९५६ साली हा सगळा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले. त्यामुळे एकाच घराची कागदपत्रे पाहायला बसले की पणजोबांच्या वाटपाचा कागद मोडीत, आजोबांचे खरेदीखत बाळबोध मराठीत, सिटी सर्व्हेचा जुना उतारा इंग्रजीत आणि आजचा खाता, म्हणजे मालमत्तेची करनोंद, कन्नडमध्ये, असा चार लिप्या-भाषांचा गठ्ठा समोर येतो. मोडी वाचणारा माणूस शोधण्यात आमचे तीन आठवडे गेले. मालमत्तेच्या कार्डावर अकरा नावे होती. त्यांतील चौघे हयात नव्हते, दोघी पुण्यात होत्या, एक गोव्यात आणि एक कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांइतकाच वाटा देणारी दुरुस्ती कर्नाटकाने १९९४ सालीच केली होती आणि २००५ साली ती केंद्रीय कायद्यात आली, तरीही आपल्याकडे आजसुद्धा बहिणींच्या सह्या न घेता व्यवहार ठरवले जातात आणि मग वीस वर्षांनी दावे उभे राहतात. जुने घर घेणाऱ्याला मी सर्वांत आधी हेच सांगेन, की भिंतीचे तडे नंतर मोजावेत. आधी वारसांची नावे मोजावीत, प्रत्येकाचे हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे आणि बोजा नसल्याचा दाखला किमान तीस वर्षांचा काढावा. कुलूप लागलेली कितीतरी घरे वाळवीने नव्हे, तर या न झालेल्या सह्यांनी पडत आहेत.

या ठिकाणी भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. सीमाभाग कोणत्या राज्यात असावा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे आणि त्याबद्दलचे माझे मत येथे मांडण्याचे कारण नाही. परंतु ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, हे संरक्षण देशपातळीवर मान्य झालेले आहे. घरदुरुस्तीचा परवाना, खाता उतरवणे, ग्रामपंचायत हद्दीतील घरासाठी ई-स्वत्तू या ऑनलाइन मालमत्ता-नोंदीचे नमुने ९ आणि ११ यांची माहिती देणारे एक साधे मराठी पत्रक जरी मिळाले, तरी खानापूर तालुक्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला दलालाकडे जाण्याची गरज उरणार नाही. कन्नड शिकणे आवश्यकच आहे आणि आमच्या मुलांनी ती शिकली आहे. पण पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचे घर त्याच्या शिकण्यासाठी थांबत नाही.

कागद पूर्ण झाल्यावर पैशाकडे वळलो. एका बँकेने घराच्या खरेदीसाठी कर्ज देण्याची तयारी दाखवली, परंतु मूल्यांकन करणाऱ्याने इमारतीची किंमत जवळजवळ शून्य धरली आणि केवळ जागेची किंमत लावली. दुरुस्तीसाठी वेगळे कर्ज मागितले तेव्हा मंजूर नकाशा मागण्यात आला. नव्वद वर्षांपूर्वीच्या घराला मंजूर नकाशा कोठून आणायचा? शेवटी दुरुस्तीचा खर्च जास्त व्याजाच्या वैयक्तिक कर्जातून आणि पत्नीच्या दागिन्यांवर उचललेल्या रकमेतून झाला. घर पाडून नवीन बांधायला निघालो असतो तर नवा नकाशा मंजूर झाला असता आणि तीच बँक टप्प्याटप्प्याने कर्ज द्यायला तयार होती, हे तेथेच तोंडी सांगण्यात आले.

करांचेही तसेच आहे. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या खरेदी किंवा बांधकामासाठी घेतलेल्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला २ लाख रुपयांपर्यंत मिळत आली आहे. दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाची मर्यादा मात्र ३० हजार रुपये आहे. हा आकडा कित्येक वर्षे बदललेला नाही आणि आज तीस हजारांत एका खोलीची कौलेसुद्धा धड बदलून होत नाहीत. राज्याच्या पातळीवर पाहिले तर कर्नाटकाने नव्या सदनिकेच्या पहिल्या नोंदणीसाठी मुद्रांक शुल्कात सवलत दिली आहे: २० लाखांपर्यंत २ टक्के आणि त्यापुढे ४५ लाखांपर्यंत ३ टक्के. जुने घर घेणाऱ्याला पूर्ण ५ टक्के भरावे लागतात. ३० लाखांचे जुने घर आणि ३० लाखांची नवी सदनिका यांच्या शुल्कात ६० हजारांचा फरक पडतो, आणि जुने घर घेणाऱ्याला पुढे दुरुस्तीचा खर्च करायचाच असतो. सवलत देण्यामागे सामान्य माणसाला घर मिळावे असा हेतू असेल, तर तो हेतू जुन्या घरालाही तितकाच लागू पडतो. किंबहुना जास्तच लागू पडतो, कारण शहरालगतच्या शिवारात प्लॉट पाडले जातात तेव्हा येळ्ळूर-वडगावच्या बासमतीची जमीन जाते, आणि हलगा-मच्छे बगल रस्त्याच्या निमित्ताने शेतकऱ्यांनी सुपीक जमिनीसाठी किती झगडा केला, ते आपण विसरलेलो नाही. गावठाणातले एक बंद घर राहते झाले, तर शिवारातला एक प्लॉट कमी लागेल.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीबद्दल, कारण येथेच सर्वांत अधिक अज्ञान आहे आणि त्याची किंमत माणसे जिवानिशी मोजतात. आमच्या गल्लीत जुन्या घराची दुरुस्ती म्हणजे कौले उतरवून स्लॅब टाकणे, अशी समजूत पक्की झाली आहे. वीस बाय पंधरा फुटांच्या खोलीचे उदाहरण घेऊ. क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मीटर होते. लाकडी सांगाड्यासह मंगळुरी कौलांच्या छपराचे वजन प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ६५ किलो धरले, तर ते छप्पर दोन टनांच्या आत बसते. चार इंची स्लॅबचे वजन चौरस मीटरला सुमारे २५० किलो होते, म्हणजे त्याच खोलीवर सात टनांचा भार येतो. वरचा गिलावा, गळती रोखण्याचा थर आणि कठडा यांचे वजन वेगळेच. मातीत बांधलेली भिंत हा वाढीव भार कोरड्या दिवसांत कदाचित पेलेलही, परंतु आठ दिवसांच्या झडीत तिच्यातली माती मऊ झाली, म्हणजे ती पेलत नाही. स्लॅब हवाच असेल तर पायापासून स्वतंत्र खांब उभे करून भार त्यांच्यावर घ्यायला हवा. जुन्या भिंतीच्या डोक्यावर तो ठेवणे हे घरातल्या माणसांच्या जिवाशी खेळणे आहे, इतक्या स्पष्ट शब्दांत हे सांगितले गेले पाहिजे.

दुसरी चूक आमच्याच हातून झाली. ओल चढलेल्या भिंतीचा चुन्याचा गिलावा काढून कंत्राटदाराने तेथे सिमेंटचा गिलावा केला. त्या वेळी घराची तुळई बदलायला आलेले एक वृद्ध गवंडीमामा म्हणाले होते, "सिमेंट मारलासा तर ओल आत कोंडंल बघा." आम्ही ऐकले नाही. जोत्यातून वर येणारा ओलावा चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडून वाळतो. सिमेंटचा घट्ट थर त्याची वाट अडवतो, पाणी भिंतीतच वर चढत राहते आणि सोबत आणलेले क्षार गिलाव्यामागे साचतात. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर आमच्या भिंतीला फुगवटे आले आणि हाताने दाबले की पापुद्रे सुटू लागले. सारा गिलावा खरवडून पुन्हा चुना करावा लागला. चुन्याचे काम वेळखाऊ असते. तो हवेशी हळूहळू संयोग होऊन घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही, आणि म्हणून कंत्राटदार तो नको म्हणतो. खर्च दुप्पट झाला, पण ती भिंत आता चार पावसाळे कोरडी आहे.

मागची कललेली भिंत मात्र आम्ही पाडली. ती वाचवण्याचा हट्ट धरला नाही, आणि कोणी धरू नये. दगड जपून उतरवले, नवा पाया घातला आणि तेच चिरे पुन्हा वापरले. दोन तुळयांपैकी एकीचे पोखरलेले टोक कापून तेथे नवे सागवान जोडता आले, दुसरी मात्र पूर्ण बदलावी लागली. कौलांतली बरीच कौले चांगली निघाली. कामाचे दिवस नीट धरावे लागतात. दिवाळी संपल्यावर छप्पर उतरवायचे आणि वळिवाच्या आधी ते पुन्हा चढवायचे. बेळगावचा वळीव एप्रिलमध्येही गाठू शकतो, आणि उघड्या भिंतीवर पडलेला एक जोराचा पाऊस संपूर्ण हंगामाचे काम वाया घालवतो. अंदाजपत्रकाच्या चौथ्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवल्याखेरीज असे काम हाती घेऊ नये, असे मी अनुभवाने सांगतो, कारण गिलावा काढेपर्यंत भिंतीच्या पोटात काय आहे हे कोणालाच कळत नाही.

गल्लीतल्या घरांची आणखी एक बाब आहे, जी नवे नियम लक्षातच घेत नाहीत. ही घरे एकमेकांना टेकून उभी आहेत आणि पुष्कळ ठिकाणी मधली भिंत सामायिक आहे. एकाने घर पाडले की शेजाऱ्याची कधीच पावसाला न दाखवलेली भिंत उघडी पडते. त्यातच नव्याने बांधायचे म्हटले की चहूबाजूंनी मोकळी जागा सोडण्याचे नियम लागतात, आणि पंधरा फूट रुंदीच्या जागेत ते पाळले तर राहायला काय उरते? म्हणून लोक एक तर नियम मोडून बांधतात किंवा काहीच करत नाहीत. दुरुस्ती करणाऱ्याला मूळ जोत्याच्या रेषेतच काम करू देणारा, शेजारच्या भिंतीच्या संरक्षणाची अट घालणारा, सोपा आणि वेगळा परवाना असेल तर हे दोन्ही टळेल.

जुनी घरे जपण्याला विरोध करणारे एक रास्त म्हणणे मांडतात आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, की ही घरे धोकादायक आहेत. पुरात आणि पावसात माणसे त्यांच्याखालीच मरतात. मग त्यांच्यावर खर्च कशाला? नदीकाठच्या गावांबाबत हे म्हणणे मला मान्य आहे. चिकोडी, रायबाग, अथणी या भागांत कृष्णेच्या पुराच्या रेषेत असलेले मातीचे घर पुन्हा पुन्हा सावरण्यात अर्थ नाही. तेथे उंचावर सुरक्षित जागा आणि नवे घर हेच उत्तर आहे, आणि ते देताना गावाची मोडतोड होणार नाही याची काळजी घ्यावी. परंतु बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. शहापूर किंवा खानापूरच्या पेठेतले चिऱ्याचे घर पुरामुळे पडत नाही. ते छपराची दुरुस्ती न झाल्यामुळे पडते. धोकादायक असणे हा त्या घराचा स्वभाव नाही, ती वर्षानुवर्षांच्या उपेक्षेने आलेली अवस्था आहे, आणि उपेक्षेवर उपाय म्हणून जर आपण केवळ पाडण्याची नोटीस बजावत असू, तर पुढच्या पिढीतल्या घरांवरही आपण तीच पाळी आणत आहोत.

थोरांच्या घरांबाबत आपण वेगळे वागतो. स्वामी विवेकानंद १८९२ साली बेळगावात आले तेव्हा किल्ल्यातल्या हरिपद मित्र यांच्याकडे राहिले होते आणि ते घर आज रामकृष्ण मिशनने स्मारक म्हणून जपले आहे. ते योग्यच आहे. पण सोप्यात माग चालवून चार मुलांना शिकवणाऱ्या विणकराचे घर जपण्यासाठी तेथे कोणी थोर माणूस मुक्कामाला आलेला असण्याची अट घालू नये. त्याला स्मारक व्हायचे नाही. त्याला राहते घर व्हायचे आहे.

यासाठी लागणारी साधने आपल्याच जिल्ह्यात आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे आणि स्थापत्यशास्त्र शिकवणारी महाविद्यालये शहरात आहेत. अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली दरवर्षी एका पेठेतील घरांची तपासणी केली, तर कोणते घर सावरता येईल आणि कोणते तातडीने रिकामे करावे, याची विश्वासार्ह यादी काही वर्षांतच तयार होईल. खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्था आहे आणि त्या तालुक्याची माती कौलांसाठी व विटांसाठी पूर्वीपासून नावाजलेली आहे. तेथे कौलारू छपराचे आणि चुन्याच्या कामाचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण सुरू करायला वेगळ्या इमारतीची गरज नाही. आज आमच्या भागात शाकारणी जाणणारी जी माणसे उरली आहेत ती साठीच्या पुढची आहेत. आमचे गवंडीमामा मागच्या वर्षी गेले. त्यांचा मुलगा सेंट्रिंगच्या कामावर जातो आणि त्यात त्याची काहीच चूक नाही, कारण चुन्याचे काम शिकून त्याला वर्षभर काम देईल असे गिऱ्हाईक आज नाही.

ते गिऱ्हाईक तयार करण्यासाठी मोठी योजना लागणार नाही. २०१९ मध्ये पूर्ण पडलेल्या घराला शासनाने जी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली, तिच्या पाचव्या हिश्शाएवढे, म्हणजे १ लाख रुपयांचे अनुदान तपासणीत सावरण्याजोग्या ठरलेल्या घराला, काम झाल्याची पाहणी करून, दोन हप्त्यांत द्यावे. चाळीस वर्षांहून जुन्या राहत्या घराच्या खरेदीला मुद्रांक शुल्कात नव्या सदनिकेइतकीच सवलत द्यावी, आणि दुरुस्ती दोन वर्षांत पूर्ण करण्याची अट त्यात घालावी. मंजूर नकाशाऐवजी सिटी सर्व्हेचा उतारा आणि अभियंत्याचा तपासणी अहवाल दुरुस्ती कर्जासाठी पुरेसा मानावा, असे निर्देश बँकांना मिळावेत. घर पडल्यावर पंचनामा करण्यासाठी जो तलाठी आणि जो अभियंता पावसात चिखल तुडवत येतो, त्याच दोघांनी तेच घर मे महिन्यात, भिंती कोरड्या असताना, एकदा पाहून जावे.